जुन्या कॅम्पर गाडीची दुरुस्ती : घरी काय करावे, गॅरेजात काय द्यावे

यंत्र जुने झाले म्हणजे त्याच्या मालकापुढे एक प्रश्न वारंवार उभा राहतो. बिघाड झाला असता तो स्वतः दुरुस्त करावा, की जाणत्या कारागिराकडे न्यावा? शिवणयंत्र, सायकल किंवा पाण्याचा पंप ह्यांच्या बाबतीतही हा प्रश्न पडतोच. परंतु ज्या यंत्रात बसून माणसे रस्त्याने प्रवास करतात, आणि रात्री त्यातच झोपतातही, त्याच्या बाबतीत ह्या प्रश्नाला विशेष महत्त्व येते. कॅम्पर व्हॅन ह्या नावाने ओळखली जाणारी गाडी अशीच आहे. बसण्याच्या जागेचा रात्री बिछाना होतो, कोपऱ्यात लहानशी चूल असते, पाण्याचा साठा असतो. थोडक्यात, ती चाकांवरची खोलीच होय.

युरोप व अमेरिकेत अशा पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या गाड्या आजही हौसेने जतन केल्या जातात. त्यांपैकी सर्वांत परिचित अशा फोक्सवॅगन गाडीचे उदाहरण घेऊन, घरची दुरुस्ती आणि गॅरेजची दुरुस्ती ह्यांतील सीमारेषा कोठे आखावी, ह्याचा विचार ह्या पाठात केला आहे.

गाडीची ओळख

बेन पॉन हा हॉलंडमधील मोटारींचा व्यापारी होता. २३ एप्रिल १९४७ रोजी त्याने आपल्या टिपणवहीत पेटीच्या आकाराच्या एका गाडीचे साधे रेखाचित्र काढले. चालक अगदी पुढे, इंजिन अगदी मागे, आणि मधली सर्व जागा मालासाठी मोकळी, अशी ती कल्पना होती. तीवरून तयार झालेल्या गाडीचे नियमित उत्पादन मार्च १९५० मध्ये जर्मनीतील वोल्फ्सबुर्ग येथे सुरू झाले आणि १९५६ मध्ये ते हानोफर येथील नव्या कारखान्यात हलविण्यात आले. कंपनीने हिला टाइप २ असे नाव दिले. हिची पहिली पिढी १९६७ पर्यंत व दुसरी १९७९ पर्यंत जर्मनीत तयार होत होती. ब्राझीलमध्ये मात्र हे उत्पादन २०१३ च्या अखेरपर्यंत चालू राहिले. सुरक्षेसाठी हवेच्या पिशव्या व चाके जखडू न देणारे ब्रेक तेथे सक्तीचे झाले, आणि जुन्या घडणीच्या ह्या गाडीत ते बसविणे व्यवहार्य नसल्यामुळे ते बंद करण्यात आले.

मालवाहू गाडीची निवासगाडी करण्याचे काम अनेक संस्थांनी केले. जर्मनीतील वीडेनब्रुक येथील वेस्टफालिया ह्या संस्थेने १९५१ पासून त्यास प्रारंभ केला. ब्रिटनमध्ये डेव्हन व डॉर्मोबिल ही नावे लोकांच्या तोंडी बसली.

ह्या गाडीचे इंजिन समजून घेतल्यावाचून पुढील विवेचन नीट कळणार नाही. त्यात चार सिलिंडर असतात व ते दोन-दोन असे समोरासमोर आडवे बसविलेले असतात. पहिल्या गाड्यांतील इंजिन ११३१ घनसेंटिमीटरचे व २५ अश्वशक्तीचे होते. पुढे ते सुमारे १६०० घनसेंटिमीटरपर्यंत वाढत गेले. इंजिन थंड राखण्यासाठी इतर बहुतेक मोटारींत पाणी खेळविलेले असते. येथे पाणी नाही, पाण्याची नळी नाही, रेडिएटरही नाही. एक पंखा बाहेरची हवा ओढून घेतो आणि पत्र्याच्या आवरणातून ती सिलिंडरांवर लोटतो. हा पंखा व वीज निर्माण करणारा डायनमो एकाच दांड्यावर असून दोहोंना एकच रबरी पट्टा फिरवितो. पट्टा तुटला की डायनमो थांबतो आणि चालकापुढील तांबडा दिवा लागतो. पण त्याच क्षणी पंखाही थांबलेला असतो. म्हणजे विजेसंबंधी सूचना देणारा हा दिवा वस्तुतः इंजिन तापू लागल्याचीही सूचना देत असतो. हे ज्या चालकास ठाऊक असते तो तत्काळ गाडी थांबवितो. ज्यास ठाऊक नसते तो ‘पुढच्या गावी पाहू’ असे म्हणून काही मैलांतच इंजिन गमावून बसतो. मालकाच्या ज्ञानाला केवढी किंमत आहे, हे ह्या एका उदाहरणावरून कळून येईल.

मालकाच्या हातची दुरुस्ती

पहिल्या पिढीच्या गाडीत हे इंजिन गिअरबॉक्सला अवघ्या चार मुख्य बोल्टांनी जोडलेले असते. तारा, पेट्रोलची नळी, वेग देणारी तार व तापविलेल्या हवेच्या नळ्या सोडविल्या की ते मागून खाली उतरविता येते. ठिणगी पाडण्याची व्यवस्था यांत्रिक असते; डिस्ट्रिब्युटरमधील दोन धातूचे बिंदू जुळतात व विलग होतात आणि त्यांतील अंतर सुमारे ०.४ मिलिमीटर ठेवावे लागते. कोठेही संगणक नाही. जे बिघडते ते बहुधा डोळ्यांना दिसते, कानांना ऐकू येते किंवा साध्या साधनाने मोजता येते.

ह्या साधेपणामुळे मालकांनी स्वतः दुरुस्ती करण्याची एक परंपराच निर्माण झाली. विमानाच्या व्यवसायात अभियंता म्हणून काम केलेल्या जॉन म्यूर ह्या अमेरिकन गृहस्थाने १९६९ मध्ये फोक्सवॅगनच्या दुरुस्तीवर एक पुस्तक प्रसिद्ध केले. ज्याने कधी पाना हातात धरलेला नाही अशा माणसासाठी ते लिहिलेले होते, आणि पीटर अ‍ॅश्वांडन ह्या चित्रकाराच्या रेखाटनांनी ते सजलेले होते. ब्रिटनमध्ये जॉन हेन्स ह्यांनी १९६६ पासून दुरुस्तीच्या मार्गदर्शिकांची माला सुरू केली. गाडी प्रत्यक्ष सुटी करून, पुन्हा जोडून, त्या क्रमाची छायाचित्रे देण्याची पद्धत हे त्या मालेचे वैशिष्ट्य होय.

ह्या ज्ञानाची कसोटी लांबच्या रस्त्यावर लागत असे. १९६० नंतरच्या व १९७० नंतरच्या दशकांत युरोपातील अनेक तरुण अशा गाड्यांतून तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान व पाकिस्तान ह्या मार्गाने भारतात येत असत. त्यांपैकी काही गाड्या गोव्याच्या किनाऱ्यापर्यंतही पोहोचल्या. १९७९ मधील इराणची क्रांती व त्याच वर्षअखेरीस अफगाणिस्तानात शिरलेले सोव्हिएट सैन्य ह्यांमुळे तो मार्ग बंद पडला. त्या वाटेवर शेकडो मैल गॅरेज आढळत नसे. तेथे ‘स्वतः करावे की कारागिराकडे न्यावे’ असा प्रश्नच नव्हता. आज मात्र तो प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर हौसेवर न सोडता विचाराने ठरविले पाहिजे.

एक उदाहरण : झडपांमधील फट

मालकाने करण्याजोग्या कामाचा नमुना म्हणून झडपांच्या फटीचे उदाहरण घेता येईल. प्रत्येक सिलिंडरला दोन झडपा असतात. एक हवा व पेट्रोल ह्यांचे मिश्रण आत घेते आणि दुसरी जळलेला वायू बाहेर सोडते. झडप उघडणारी दांडी व झडपेचे टोक ह्यांमध्ये थोडी फट ठेवावी लागते. १६०० घनसेंटिमीटरच्या इंजिनात ही फट सामान्यतः ०.१५ मिलिमीटर असते, आणि ती इंजिन पूर्ण थंड असतानाच मोजावयाची असते. फीलर गेज नावाच्या, जाडी कोरलेल्या पातळ पोलादी पट्ट्यांनी हे मोजमाप होते. योग्य जाडीची पट्टी फटीतून किंचित अडत सरकली पाहिजे.

ही फट इतकी महत्त्वाची का? गाडी चालत असता झडप आपल्या बैठकीवर हळूहळू झिजते व आत सरकते. त्यामुळे फट कमी होत जाते. फट अगदी नाहीशी झाली म्हणजे झडप पूर्ण मिटत नाही. जळलेला वायू बाहेर सोडणारी झडप अतिशय तापते आणि मिटलेली असताना बैठकीला चिकटूनच ती आपली बहुतेक उष्णता सिलिंडरच्या माथ्याकडे सोडू शकते. ती मिटलीच नाही, तर उष्णतेची वाट बंद होते, कडेच्या बारीक फटीतून तप्त वायू सुटू लागतो, आणि झडप जळते. क्वचित तिचे डोके तुटून सिलिंडरात पडते व दट्ट्या फोडते. जुन्या गाड्यांत तिसऱ्या क्रमांकाच्या सिलिंडरला हा धोका अधिक असे, कारण वंगण तेल थंड करणारे उपकरण त्याच्याकडे जाणाऱ्या हवेच्या वाटेतच उभे होते. १९७१ च्या नमुन्यापासून ते उपकरण बाजूला हलविण्यात आले.

ह्या कामाचे स्वरूप ध्यानात घेण्यासारखे आहे. साधने थोडी लागतात. परिणाम मोजता येतो. चुकले तर पुन्हा करता येते. फट थोडी मोठी राहिली, तर इंजिन खडखड आवाज करून तसे सांगते. शिवाय काही हजार किलोमीटरनंतर हे काम पुन्हा करावयाचे असल्याने मालकाची नजर तयार होत जाते. एकाच झडपेची फट दर वेळी कमी भरते असे आढळले, तर झडप ताणली जात आहे, हे तो अनर्थापूर्वीच ओळखू शकतो. दर वेळी निराळ्या कारागिराकडे गाडी गेली, तर ही नोंद कोणाजवळच राहत नाही.

वंगण तेल बदलण्याचेही असेच आहे. ह्या इंजिनात केवळ सुमारे अडीच लिटर तेल मावते आणि मूळ रचनेत कागदी गाळणी नसून तारेची जाळी असते. म्हणून तेल वारंवार बदलणे अगत्याचे असते. तेल काढताना जाळीवर धातूचे कण आढळले, तर आतील भाग झिजत असल्याचे ते चिन्ह होय. जुने तेल गटारात किंवा जमिनीवर ओतू नये. ते गोळा करणाऱ्या केंद्राकडेच पोहोचविले पाहिजे.

गॅरेजचे बळ कशात आहे

इतके असूनही, सर्व कामे घरी करावीत असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. चांगल्या गॅरेजजवळ तीन गोष्टी असतात ज्या सामान्य मालकाजवळ नसतात.

पहिली गोष्ट साधने. गाडी सुरक्षितपणे उंच उचलणारा उचलक, ब्रेकचा जोर प्रत्येक चाकावर निराळा मोजणारे रोलरचे यंत्र, वेल्डिंगची सामग्री, क्रँकशाफ्टच्या बैठकी तासणारी यंत्रे ही घरी असत नाहीत. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरणे हे तर प्राणघातक साहस होय. जॅक केवळ उचलण्यासाठी असतो. तोलून धरण्यासाठी भक्कम तिवया लावल्याच पाहिजेत.

दुसरी गोष्ट सराव. सिलिंडरचा माथा अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा व त्यात बसणारा स्पार्क प्लग पोलादाचा असतो. पोलाद कठीण व अ‍ॅल्युमिनियम मऊ. प्लग किंचित तिरका बसवून जोराने पिळला, तर माथ्यातील आटे निघून जातात. नटबोल्ट किती जोराने आवळावेत हे अनुभवी हाताला कळते. नवख्या माणसाने मात्र टॉर्क रेंच हा पीळ मोजणारा पाना वापरावा. ह्या इंजिनाच्या माथ्याचे दहा मिलिमीटरचे नट सुमारे ३२ न्यूटन-मीटर पिळानेच आवळावयाचे असतात. अधिक जोर म्हणजे अधिक बळकटी, ही समजूत येथे घातक ठरते.

तिसरी गोष्ट उत्तरदायित्व. गॅरेजने केलेल्या कामाची लेखी पावती असते, त्यात दोष निघाल्यास दाद मागता येते. आपलेच काम चुकले तर दाद कोणाकडे मागणार?

परंतु ‘गॅरेज’ हा एकच शब्द असला, तरी त्याचे अर्थ आता दोन झाले आहेत. आजच्या साधारण गॅरेजातील तरुण कारागीर इलेक्ट्रॉनिक यंत्रणांवर शिकलेला असतो. गाडीला संगणक जोडून दोषाचा क्रमांक वाचण्यात तो निष्णात असतो, पण कार्ब्युरेटर साफ करणे किंवा डिस्ट्रिब्युटरचे बिंदू जुळविणे हे त्याच्या शिक्षणात आलेलेच नसते. उलट केवळ जुन्या फोक्सवॅगनचे काम करणारी तज्ज्ञ गॅरेजेही आहेत. ती मोजकी असतात, दूर असतात, आणि त्यांच्याकडे बहुधा रांग असते. तेव्हा मालकाने तुलना करावयाची ती आपली व ‘गॅरेज’ ह्या नावाची नव्हे, तर आपली व त्या विशिष्ट गॅरेजातील ज्ञानाची.

न दिसणाऱ्या कामावर विश्वास

दुरुस्तीच्या व्यवहारात एक अडचण मूळचीच आहे. विकणारा जेवढे जाणतो, तेवढे घेणारा जाणत नाही. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अ‍ॅकरलॉफ ह्यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन ह्या विषमतेचा परिणाम दाखविला. चांगली व वाईट गाडी गिऱ्हाइकाला ओळखता आली नाही, तर तो दोहोंना मधलीच किंमत देऊ करतो. मग चांगल्या गाडीचा मालक बाजारातून निघून जातो आणि बाजारात वाईट मालाचे प्रमाण वाढते. ह्या विषयावरील कार्याबद्दल त्यांना २००१ मध्ये इतर दोघांसह अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. मायकेल डार्बी व एडी कार्नी ह्यांनी १९७३ मध्ये ह्याहून पुढची पायरी दाखविली. काही सेवा अशा असतात की त्या घेतल्यानंतरही त्या खरोखर आवश्यक होत्या का, हे गिऱ्हाइकाला सहसा ठरविता येत नाही. मोटारीची दुरुस्ती ही अशीच सेवा होय.

ह्यावर उपाय म्हणजे सर्व काम स्वतः करणे नव्हे. उपाय म्हणजे पुरेसे ज्ञान मिळविणे. ‘इंजिन संपले, नवे घालावे लागेल’ असे सांगण्यात आले, तर जाणता मालक कोणत्या सिलिंडरचा दाब किती भरला, हे विचारतो. क्रँकशाफ्ट मागेपुढे किती हलतो, हेही तो विचारतो. ही हालचाल चांगल्या इंजिनात ०.०७ ते ०.१३ मिलिमीटर असावी असा नियम आहे. काम सुरू होण्यापूर्वी तो लेखी अंदाज घेतो, बदललेले जुने भाग परत मागतो, आणि वेल्डिंगचे काम असेल तर रंग देण्यापूर्वी ते पाहतो किंवा त्याची छायाचित्रे घ्यावयास सांगतो. प्रामाणिक कारागिराला ह्या प्रश्नांचा राग येत नाही. उलट, आपल्या कामाची पारख करणारा गिऱ्हाईक भेटल्याचे समाधानच होते. घरी थोडी दुरुस्ती केल्याचा मोठा लाभ हा की, मनुष्य असे प्रश्न विचारण्यास समर्थ होतो.

सीमारेषा कोठे आखावी

पुष्कळ लोक अशी समजूत करून घेतात की, सोपे काम घरी करावे व अवघड काम गॅरेजात द्यावे. ही समजूत अपुरी आहे. इंजिन खाली उतरविणे कष्टाचे आहे, पण त्यातील चूक बहुधा गाडी उभी असतानाच उघड होते. इंजिन सुरू होत नाही, तेल गळते, आवाज येतो. ह्याउलट ब्रेकच्या चाकाजवळील लहान सिलिंडर बदलणे हे दोन-तीन पान्यांचे काम आहे. परंतु त्यातील चूक अंगणात कळेलच असे नाही. ती घाटाच्या उतारावर कळते. म्हणून खरी कसोटी कामाच्या अवघडपणाची नसून, चूक केव्हा व कशा रीतीने प्रकट होते ह्याची आहे.

पाच बाबतींत ही कसोटी विशेष कटाक्षाने लावली पाहिजे.

पहिली बाब ब्रेक. पायाने दाबलेल्या पट्टीचा जोर द्रवामार्फत चाकांपर्यंत जातो, कारण द्रव दाबला जात नाही. त्यात हवेचा बुडबुडा राहिला, तर हवा दाबली जाते व पट्टी मऊ लागते. हा दोष निदान पायाला जाणवतो. परंतु ब्रेकचा द्रव हवेतील ओलावा शोषून घेतो, हे जाणवत नाही. डॉट ४ ह्या प्रतीचा नवा द्रव किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये व ओलावा शोषलेला द्रव किमान १५५ अंशांपर्यंत उकळू नये, असे मानक आहे. म्हणजे ओलाव्याने केवढा फरक पडतो, ते दिसते. लांब उतारावर ब्रेक तापतात, जुना द्रव उकळून त्याची वाफ होते, आणि सपाट रस्त्यावर उत्तम वाटलेला ब्रेक ऐन वेळी निकामी होतो. शिवाय पूर्वीच्या ब्रेकच्या अस्तरांत अ‍ॅस्बेस्टॉस असे. ती धूळ फुंकून किंवा हवेच्या झोताने उडवू नये.

दुसरी बाब पेट्रोलच्या नळ्या. ह्या गाडीत पेट्रोलची टाकी इंजिनाच्या लगतच असते. रबरी नळी वर्षानुवर्षांच्या उष्णतेने कडक होऊन तडकते. आजच्या पेट्रोलमध्ये एथिल अल्कोहोल मिसळलेले असते. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साधारण पेट्रोलमध्ये त्याचे प्रमाण १० टक्क्यांपर्यंत आहे. जुन्या प्रकारचे रबर त्याने लवकर खराब होते. तापलेल्या इंजिनावर पेट्रोल ठिबकले, तर आग लागते. आणि इंजिनाचे मुख्य कवच मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे असल्यामुळे ते एकदा पेटले की पाण्याने विझत नाही. पेटलेल्या मॅग्नेशियमवर पाणी पडले असता हायड्रोजन वायू सुटतो व आग अधिकच भडकते. नळ्या बदलणे हे मालकाला करता येण्याजोगे काम आहे. मात्र नळी अल्कोहोलला टिकणाऱ्या प्रतीची असावी, आणि काम झाल्यावर एका दुसऱ्या जाणत्या माणसाने प्रत्येक जोड तपासावा.

तिसरी बाब गंज. ह्या गाडीला निराळी भक्कम चौकट नाही. पत्र्याच्या पेट्यांची जोडणी हीच तिची चौकट होय. दाराखालील पोकळ पट्ट्या, जॅक लावण्याच्या जागा, चाकांच्या कमानी ह्यांत पाणी साचते. लोखंडाचा गंज मूळ धातूहून अधिक जागा व्यापतो, म्हणून तो जोड फुगवितो व आणखी पाण्याला वाट करून देतो. वरून डांबरी लेप किंवा रंग दिला की गाडी सुंदर दिसते, आणि आत मात्र पत्र्याचा कागद झालेला असतो. गंज खरवडून पाहणे, लाकडी मुठीने ठोकून आवाज ऐकणे, पोकळीत मेण सोडणे ही मालकाची कामे होत. भार वाहणाऱ्या भागाचे वेल्डिंग मात्र शिक्षित कारागिरानेच करावे.

चौथी बाब गाडी तापविण्याची व्यवस्था. धुराड्याभोवतीच्या पेटीतून जाणारी हवा तापून माणसे बसण्याच्या जागेत येते. ती पेटी व धुराडे गंजून भोके पडली, तर इंजिनाचा धूर त्या हवेत मिसळतो. त्यातील कार्बन मोनॉक्साइड ह्या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून अधिक ओढीने जोडला जातो. डोके दुखू लागते, गुंगी येते, आणि ती प्रवासाचा शीण म्हणून दुर्लक्षिली जाते. म्हणून ही पेटी प्रतिवर्षी तपासावी, आणि ह्या वायूची सूचना देणारे उपकरण गाडीत बसवावे.

पाचवी बाब स्वयंपाकाचा गॅस. प्रोपेन व ब्यूटेन हे वायू हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास ते जमिनीलगत साचून राहतात. गाडीच्या तळाशी वायू निघून जाण्यासाठी ठेवलेली भोके गारवा लागतो म्हणून बुजविणे हा मोठाच अविचार होय. गॅसच्या नळ्यांची जोडणी व दाबाची चाचणी अधिकृत तज्ज्ञाकडूनच करून घ्यावी.

तपासणी उठली, जबाबदारी राहिली

ब्रिटनमध्ये जुन्या मोटारींची सक्तीची तपासणी १९६० मध्ये सुरू झाली. २०१८ च्या मे महिन्यापासून, ४० वर्षांहून जुन्या व गेल्या ३० वर्षांत मोठा फेरबदल न झालेल्या गाड्यांना ह्या वार्षिक तपासणीतून सूट देण्यात आली. जर्मनीत १९९७ पासून ३० वर्षांहून जुन्या व मूळ स्वरूपात जतन केलेल्या गाड्यांना विशेष पाटी मिळते, परंतु नियतकालिक तपासणी त्यांना चुकत नाही.

सूट मिळाली ती तपासणीतून. गाडी रस्त्यावर चालविण्यास योग्य राखण्याच्या कर्तव्यातून नव्हे. ते कर्तव्य कायद्याने मालकावरच राहते. पूर्वी वर्षातून एकदा एक त्रयस्थ मनुष्य गाडीखाली पाहत असे, ब्रेक रोलरवर मोजत असे, कुजलेला पत्रा दाखवीत असे. तो आपण होऊन पाहणारा डोळा आता राहिला नाही. जो मालक सर्व दुरुस्ती स्वतःच करतो, त्याच्या गाडीकडे तर दुसरे कोणीच पाहत नाही, आणि आपण केलेल्या कामातील चूक आपल्यालाच दिसणे सर्वांत कठीण असते. सूट असली तरी अशी तपासणी स्वेच्छेने करून घेता येते. शहाणा मालक ती वर्षातून एकदा करून घेतो.

ह्यावरून असे दिसेल की, घर व गॅरेज हे एकमेकांचे प्रतिस्पर्धी नाहीत. ज्या कामात चूक लवकर व निरुपद्रवी रीतीने प्रकट होते, जे मोजता येते व पुन्हा करता येते, ते मालकाने अवश्य शिकावे. जेथे चूक लपून राहते व एकाएकी प्राणावर बेतते, तेथे काम कोणीही करो, त्याची तपासणी दुसऱ्या जाणत्या हातांनी झालीच पाहिजे. प्रत्येक कामाची तारीख, गाडीने कापलेले अंतर, घेतलेली मापे व बदललेले भाग ह्यांची नोंदवही ठेवली, तर मालकाचे ज्ञान कारागिराला व कारागिराचे ज्ञान मालकाला उपयोगी पडते. जुनी गाडी दीर्घकाल चालते, आणि तीत झोपलेली माणसे सकाळी सुखरूप उठतात, ती ह्या दोघांच्या सहकार्यामुळेच.

अभ्यासासाठी प्रश्न

१. पंखा व डायनमो एकाच पट्ट्याने फिरतात, ह्या रचनेचा लाभ कोणता व धोका कोणता?

२. झडपेची फट नाहीशी झाली असता झडप का जळते, ते उष्णतेच्या वहनाच्या आधारे स्पष्ट करा.

३. ब्रेकच्या नळीत द्रव का वापरतात? त्यात हवा शिरल्यास काय होते?

४. घरातील एखादे यंत्र घ्या. उदाहरणार्थ सायकल, शिवणयंत्र किंवा गॅसची शेगडी. त्याच्या दुरुस्तीतील कोणती चूक ताबडतोब कळते व कोणती लपून राहते, ह्याची दोन स्तंभांत यादी करा. त्यावरून कोणते काम घरी करण्याजोगे आहे, ते ठरवा.